बॅटरी चुलीखाली ठेवा

गेल्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला वीज गेली. इंडक्शनवर तवा होता, तव्यात चौथी भाकरी होती, आणि अजून सहा व्हायच्या होत्या. हॉलमधला पंखा फिरतच राहिला. दिवा चालू, टीव्ही चालू, वायफायचा हिरवा ठिपकाही लुकलुकत होता. थंड पडला तो फक्त तवा. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, सिलिंडर आहे की. पेटव गॅस." मी पेटवला. त्या रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात ठाण मांडून बसली आहे, म्हणून आजचं सदर चुलीवर.

आपल्या घरात इन्व्हर्टरची बॅटरी आहे. कोपऱ्यात, ट्रॉलीवर, पन्नास-साठ किलोची. वीस वर्षांपूर्वी भारनियमनाच्या काळात ती आली आणि घरातलीच झाली. तिला डिस्टिल्ड वॉटर पाजायचं, टर्मिनलवरची पांढरी भुकटी खरवडायची, तीन-चार वर्षांनी बदलायची. हे सगळं आपण बिनबोभाट करतो. पण ज्या कामासाठी घरात रोज जाळ लागतो, त्या कामाला ही बॅटरी कधी जुंपली गेलीच नाही. इन्व्हर्टरवाला घरी येतो तेव्हा विचारतो, "पंखे किती? लाइट किती?" भाकऱ्या किती, हे त्याने एकाही घरात विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं.

अर्थात ती जुनी बॅटरी चूल चालवूही शकत नाही. हिशेब साधा आहे. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास म्हणजे १८०० वॉट-तास. पावणेदोन युनिटांच्या थोडी वर. त्यातलं निम्मंच वापरावं, नाहीतर शिशाची बॅटरी लवकर मरते. शिवाय घरगुती इन्व्हर्टर सातशे-आठशे वॉटच्या पुढे गेला की शिटी मारून बंद होतो, आणि इंडक्शन मागते २००० वॉट. पंख्यासाठी घेतलेल्या यंत्राकडून भाकरी मागणं चूक. पण चूक त्या यंत्राची नाही. आपण यंत्रच पंख्यापुरतं मागितलं.

अमेरिकेत काही जणांनी हा प्रश्न उलट्या टोकाने सोडवला. बॅटरी घराच्या कोपऱ्यात ठेवलीच नाही, थेट चुलीच्या पोटात बसवली.

त्यांची अडचण आपल्यासारखी नव्हती. तिकडे जवळपास ३८ टक्के घरांत नैसर्गिक वायूवर स्वयंपाक होतो. विजेची शेगडी घ्यायची तर तिला २४० व्होल्टची वेगळी, जाड तारेची जोडणी लागते. गॅसच्या शेगडीमागे मात्र भिंतीत असतो १२० व्होल्टचा साधा प्लग, जो जेमतेम दीड हजार वॉट देतो. म्हणजे शेगडी बदलायची तर इलेक्ट्रिशियन बोलवा, भिंत फोडा, मुख्य पॅनेल बदला. हजारो डॉलरचा खड्डा. हे ऐकून लोक गॅसवरच राहतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने २०१९ साली नव्या इमारतींत गॅसची पाइप टाकायला बंदी केली. २०२३ मध्ये न्यायालयाने ती बंदी मोडीत काढली. कायद्याने दार बंद झालं, पण त्याच गावात इंजिनिअरांनी दुसरं दार उघडलं. सॅम कॅलिश नावाच्या तरुणाने तिथे कंपनी काढली, आता तिचं नाव कॉपर. तिची शेगडी साध्या प्लगात बसते, दिवसभर थोडी थोडी वीज ओढून पोटातली पाच युनिटांची बॅटरी भरते, आणि स्वयंपाकाच्या वेळी सगळी ताकद एकदम ओतते. वीज गेली तरी शिजवत राहते. भिंतीला हातही लावावा लागत नाही.

किंमत सहा हजार डॉलर. ही मध्यमवर्गाची शेगडी नव्हे, हे मी मान्य करते. पण न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरणाने, म्हणजे गरिबांच्या सरकारी इमारती सांभाळणाऱ्या खात्याने, २०२५ मध्ये याच कंपनीला दहा हजार शेगड्यांचं काम दिलं. श्रीमंतांची हौस सरकारी भाडेकरूच्या ओट्यावर पोचली ती अशी, घाऊक मागणीने. ही बातमी माझ्या मनात रुतून बसली आहे. कारण दहा हजारांची ऑर्डर द्यायला आपल्याकडे एक मोठी गृहनिर्माण वसाहत पुरते.

आता आपली अडचण पाहा. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत, सोळा अँपिअरचा मोठा प्लग आहे, एक इंडक्शन आरामात चालते. पॅनेल फोडायची गरज नाही. आपल्याला अडवतात दोन गोष्टी. पहिली, वीज जाते. दुसरी, दोन शेगड्या एकदम लावल्या की चार हजार वॉट होतात, म्हणजे सतरा-अठरा अँपिअर. त्यात कोणी गिझर लावला की जुन्या इमारतीतली वायर तापते, एमसीबी पडतो, आणि शेजारच्या काकूंचा दरवाजा वाजतो. एका शेगडीवर मराठी स्वयंपाक होत नाही. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला तवा, ही आपली किमान गरज आहे. चुलीतच बॅटरी असेल तर ती दिवसभर पाचशे वॉटने, म्हणजे मिक्सरपेक्षाही कमी विजेवर, चार तासांत दोन युनिटं साठवेल आणि संध्याकाळी दोन्ही शेगड्यांना पुरवेल. घराची वायर जुनी असली तरी तिला कळणारही नाही.

म्हणजे दोघांच्या अडचणी वेगळ्या आणि उत्तर एकच.

नुसती इंडक्शन वाटून काय होतं, याचा धडा दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोरने दिला आहे. गॅसवरच्या अनुदानाने तिजोरी पोखरली म्हणून त्या देशाने २०१४ मध्ये घराघरांत इंडक्शन द्यायची मोहीम काढली. लक्ष्य तीस लाख घरांचं. त्याच्या जवळपासही ते पोचले नाहीत. पुढे २०२४ मध्ये दुष्काळ पडला, धरणं आटली, जलविद्युत रोडावली, आणि दिवसाला चौदा-चौदा तास वीज बंद राहिली. ज्यांनी सरकारचं ऐकून गॅस सोडला असेल, त्यांच्या ओट्यावर काचेची थंड फरशी उरली. चूल ही भरवशाची वस्तू आहे. भरवसा न देता चूल बदलायला सांगणं म्हणजे बाईला दोन वेळची चिंता भेट देणं.

म्हणूनच सिलिंडर सोडायला बायका तयार होत नाहीत. त्यांना हवामानबदल कळत नाही, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. त्यांना सगळं कळतं. साडेसातला वीज जाते, हेही त्यांनाच कळतं.

सिलिंडरच्या भरवशाची मुळं मात्र फार दूर आहेत. देशात जेवढा स्वयंपाकाचा गॅस लागतो त्यातला सुमारे ६० टक्के बाहेरून येतो, आणि त्यातला बहुतेक आखाती देशांतून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. तिकडे कोणी बंदूक उगारली की इकडे आपल्या कुकरच्या शिट्ट्या महाग होतात. किंमत घरापर्यंत पोचू नये म्हणून सरकार मध्ये उभं राहतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने तेल कंपन्यांना स्वस्त गॅस विकल्याची भरपाई म्हणून ३०,००० कोटी मंजूर केले, आणि उज्ज्वला योजनेच्या अनुदानासाठी आणखी १२,००० कोटी. हे पैसे चुकीचे नाहीत. धुरात डोळे चोळणाऱ्या बाईला सिलिंडर मिळाला, हे या देशातलं मोठं काम आहे आणि ते काढून घ्यायला कोणी आलं तर मी रस्त्यावर बसेन. पण ४२,००० कोटी जळून जातात, पुढे पुन्हा पैसे लागतातच. त्यातला एक तुकडा तरी अशा वस्तूवर जावा जी पुढची दहा-पंधरा वर्षं ओट्यावर राहील.

पैशांबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती माझ्या बाजूच्या विरोधात जाते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांची उष्णता असते. बर्नरवरून त्यातली साठ-पासष्ट टक्केच भांड्यात जाते, बाकी ओटा आणि आपण तापतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला १३० ते १४० युनिटं लागतात. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर मुंबईत सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना झाला. आणि महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढचं युनिट सगळे आकार धरून दहा रुपयांच्या पुढे जातं. करा गुणाकार. तेराशे-चौदाशे. नुसत्या ग्रिडच्या विजेवर इंडक्शन गॅसपेक्षा महाग पडते. जो विक्रेता ती स्वस्त पडते असं सांगतो, त्याला हा गुणाकार दाखवा.

हा हिशेब बदलतो तो उन्हाने. पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या तीन किलोवॉटच्या सौर पॅनेलला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि तीन किलोवॉट दिवसाला दहा-बारा युनिटं देतात. स्वयंपाकाला लागतात तीन. छत नसलेल्यांसाठीही वाट निघाली आहे. महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. दुपारी ऊन भरपूर, देशभरची सौर पॅनेलं वीज ओतत असतात, म्हणून ती वेळ स्वस्त. पण दुपारी तीनला रात्रीची भाजी कोण टाकतं? नोकरी करणारी बाई तर घरातच नसते. ती सातला येते, आणि सातला सूर्य नसतो. सातच्या फोडणीखाली चंद्रपूरचा, कोराडीचा, परळीचा कोळसा जळतो. चंद्रपूरचं केंद्र एकटं २,९२० मेगावॉटचं आहे. तिथल्या राखेत राहणाऱ्यांना विचारा, संध्याकाळचा भार म्हणजे काय असतो.

बॅटरीची चूल नेमकं हे करते. दुपारचं ऊन सातपर्यंत धरून ठेवते. म्हणून मी इंडक्शनची नाही, बॅटरीच्या इंडक्शनची बाजू घेऊन भांडते आहे. पहिलीने फक्त धूर आपल्या घरातून चंद्रपूरला जातो.

छतावर पॅनेल लावलेल्यांनाही एक धक्का बसतो. रणरणतं ऊन आहे, पॅनेल चमकत आहेत, आणि रस्त्यावरची वीज गेली की घरातलीही जाते. साध्या ग्रिड-जोड यंत्रणेला तसं करावंच लागतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगात आपल्या छताची वीज उतरेल. नियम योग्य आहे. पण लाखभर खर्चूनही दुपारी चहा होत नाही, हे कळल्यावरचा चेहरा मी दोन घरांत पाहिला आहे. साठवण नसेल तर छत आपलं असून वीज आपली नाही.

हे सगळं इथे जमेल का, असं विचारणाऱ्यांना मी बांचाचं नाव सांगते. मध्य प्रदेशात, आपल्या अमरावतीला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यातलं पाऊणशे घरांचं आदिवासी गाव. ओएनजीसीने सौर चुलीची स्पर्धा लावली होती. पवईच्या आयआयटीच्या चमूने पॅनेल, बॅटरी आणि इंडक्शन अशी जोडणी करून दाखवली आणि बांचात घराघरांत ती बसली. २०१८ चा डिसेंबर होता. ज्या बायका जंगलातून मोळ्या आणत होत्या, त्यांच्या घरी उन्हावर दोन वेळचं शिजू लागलं. अमेरिकेतली शेगडी बाजारात यायच्या आधीची ही गोष्ट, आणि ती मराठी मुलखाच्या वेशीवर घडली. तिचा कारखाना आपण काढला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यानंतर इंडियन ऑइलने २०२२ मध्ये सूर्या नूतन नावाची चूल आणली. तिने वीज नाही, उष्णताच साठवली, आणि पॅनेल बाहेर ठेवून स्वयंपाक घरात करता येतो हे दाखवलं. २०२३ च्या अखेरीस केंद्राच्या ईईएसएल कंपनीने वीस लाख इंडक्शन शेगड्या वाटायचा कार्यक्रम जाहीर केला. वीस लाख! त्यात पाच टक्के जरी बॅटरीच्या मागितल्या असत्या तर एक लाखाची मागणी उभी राहिली असती. याच कंपनीने एलईडी दिवे घाऊक घेऊन त्यांची किंमत कशी पाडली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जे दिव्याला जमलं ते चुलीला जमवा.

पाच युनिटांची बॅटरी हवीच असंही नाही. अमेरिकन घर अख्खी टर्की भाजतं, आपण आमटी-भात, भाजी आणि दहा भाकऱ्या करतो. एका वेळच्या स्वयंपाकाला दीड युनिट पुरतं. दीड-दोन युनिटांची पेटी म्हणजे त्यांच्या पेटीचा तिसरा हिस्सा, आणि किंमतही त्याच मापाने उतरते. वीज जाते ती तास-दोन तास. तेवढ्यात जेवण झालं पाहिजे, बस.

बॅटरी मात्र शिशाची नको. लिथियम आयर्न फॉस्फेटची हवी, जी हजारो वेळा भरता येते, पाणी मागत नाही आणि सहजी पेटत नाही. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या कुठे जातात, हे आपण विचारत नाही. नोंदणी नसलेल्या भट्ट्यांत त्या फोडून वितळवल्या जातात, आणि तो धूर पोरांच्या रक्तात उतरतो. युनिसेफने २०२० मध्ये जगातल्या ८० कोटी मुलांच्या रक्तात घातक प्रमाणात शिसं असल्याचं सांगितलं, त्यात भारतातली मुलं सगळ्यांत जास्त. या बेकायदा भट्ट्या हे त्याचं एक मोठं कारण. इन्व्हर्टर बदलताना जुनी बॅटरी जास्त भाव देणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत विक्रेत्याला परत द्या, पावती घ्या. दोनशे-तीनशे रुपये कमी मिळतील. मिळू देत.

कोणी म्हणेल, आखाताचा गॅस सोडून चीनच्या बॅटरी-सेलवर अवलंबून राहायचं का? प्रश्न रास्त आहे, सेल आज बहुतेक तिकडूनच येतात. पण गॅस एकदा जळला की संपला, दर दीड महिन्याला नवा सिलिंडर हवा. सेल एकदा आला की दशकभर काम करतो, आणि शेवटी त्यातला धातू वितळवून पुन्हा वापरता येतो. सेल इथे बनवायला केंद्राने २०२१ मध्ये १८,१०० कोटींची योजना आखलीच आहे. ती गाडी-स्कूटरपुरती ठेवू नका. ओट्याखालीही बाजार आहे, आणि तो दर गल्लीत आहे.

आता भाकरी. इंडक्शनचा विषय निघाला की प्रत्येक घरात हाच सवाल येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भाकरी तव्यावर पाणी लावून, मग उलटून, शेवटी विस्तवावर फुगवायची असते. इंडक्शनला विस्तव नाही. मी आठ महिने प्रयोग केले. सपाट बुडाचा जाड लोखंडी तवा, आधी चांगला तापलेला, आणि शेवटी फडक्याने कडा दाबत फिरवायची. ज्वारीची फुगते. बाजरीची कधी फुगते, कधी नाही. नाचणीची मला अजून जमलेली नाही. हिंडालियमची कढई चालत नाही, तांब्या-पितळेचं पातेलंही नाही. भांड्याच्या दुकानात जाताना पर्समध्ये फ्रिजवरचं लोहचुंबक टाकते आणि बुडाला लावून बघते. चिकटलं तर घ्यायचं. वांगं भाजायला मात्र ज्योतच लागते, आणि त्यासाठी एक छोटा सिलिंडर घरात राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही. वर्षाला आठ सिलिंडरांवरून एकावर आलं घर, तर सात कमी झाले.

काल बॅटरीच्या दुकानात गेले होते. मालकांनी सवयीने वही ओढली. "ताई, पंखे किती? लाइट किती?"

"दोन शेगड्या," मी म्हटलं. "दहा भाकऱ्या, एक कुकर, एक भाजी. साडेसात ते साडेआठ."

त्यांनी पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. वहीच्या कोऱ्या पानावर वर 'स्वयंपाक' असं लिहिलं आणि विचारलं, "कुकर किती लिटरचा?"